तो, ती, ते आणि ओटीपी

मराठी शिकायला बसलेला परप्रांतीय माणूस दोन ठिकाणी हमखास हात टेकतो. एक 'ळ'पाशी आणि दुसरा लिंगविचारापाशी. 'ळ'चं एक वेळ निभावतं. जीभ मागे वळवायची सवय झाली की 'केळं' म्हणता येतं, आणि नाहीच आलं तर फळवाल्यापुढे बोट दाखवूनही काम भागतं. पण भिंत ती का, दगड तो का आणि घर ते का, ह्याचं उत्तर आमच्या शाळेतल्या मास्तरांपाशीही नव्हतं. ते नुसती छडी दाखवायचे. छडी ती. तिचा मार तो. आणि त्यानंतरचं आमचं रडणं ते. तिन्ही लिंगं एका तासात शिकून होत.

आमच्या शाखेत मध्यंतरी एक बंगाली मॅनेजर बदलून आले होते. त्यांच्या भाषेत 'तो' आणि 'ती' ह्यांना मिळून एकच सर्वनाम, आणि क्रियापदालाही लिंगाची पर्वा नाही. बिचाऱ्यांनी मराठी शिकायचा मनापासून प्रयत्न केला. 'माझा बायको मासा फार छान करतो' हे त्यांचं वाक्य शाखेत अजून निघतं. व्याकरण चुकलं होतं, पण कौतुक अस्सल होतं. आमच्यापैकी कित्येकांचं नेमकं ह्याच्या उलट असतं.

निर्जीव वस्तूंच्या बाबतीत मात्र मराठी माणसाइतका उदार माणूस नाही. परदेशातून कुठलंही यंत्र येवो, ते गोदीतून बाहेर पडायच्या आत आपण त्याला लिंग देऊन मोकळे होतो. कॉम्प्युटर आला तो 'तो' होऊन. फाईल ती, सॉफ्टवेअर ते. पासवर्ड तो, लिंक ती, ॲप ते. हे कुणी ठरवलं? ह्यासाठी एखादी समिती नेमल्याचं, तिच्या बैठका झाल्याचं आणि बैठकीच्या चहाबिस्किटांचं बिल मंजूर झाल्याचं माझ्या तरी कानावर नाही. रस्त्यावरच्या लोकांनी ठरवलं आणि ते सर्वांना मान्य झालं. फक्त ईमेलच्या बाबतीत आमच्या घरात अजून तह झालेला नाही. मी 'तो ईमेल' म्हणतो, सौ. 'ती ईमेल' म्हणते आणि कन्या 'ते मेल' म्हणून दोघांनाही गप्प करते.

प्रश्न येतो तो यंत्राचा नाही. त्या यंत्रासमोर बसलेलं माणूस आहे ना, त्याचा. ते कोण? कुठलीही माहितीपुस्तिका उघडा, कुठलंही ॲप चालू करा, बँकेच्या भिंतीवरच्या सूचना वाचा. उत्तर एकच. तो! वापरकर्ता तो, खातेदार तो, ग्राहक तो. 'वापरकर्ता आपला पासवर्ड विसरला असल्यास त्याने खालील बटण दाबावे.' विसरणारासुद्धा तोच. (एवढं एक वाक्य वस्तुस्थितीला धरून आहे असं सौ.चं मत पडलं.)

आता ह्यातली गंमत बघा. इंग्रजीत 'कॉम्प्युटर' हा शब्द मुळात यंत्राचा नव्हताच. हिशेब करणाऱ्या माणसाला कॉम्प्युटर म्हणत. म्हणजे आमच्यासारख्या बी.कॉम. मंडळींचीच ही जमात. आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून वेधशाळांमधून, पुढे विमानविद्येच्या प्रयोगशाळांमधून, ही आकडेमोड करायला बायका मोठ्या संख्येने बसलेल्या असत. त्याआधी १८४३ साली, चार्ल्स बॅबेजच्या कधीच पुऱ्या न झालेल्या यंत्राला कामाला कसं लावावं ह्याची टिपणं छापून आली, ती एडा लव्हलेस ह्या बाईंची. १९४६ साली अमेरिकेत एनिॲक नावाचं सुमारे तीस टनांचं धूड लोकांपुढे आलं, तेव्हा त्याच्याकडून गणितं करून घेणाऱ्या प्रोग्रॅमरांत सहा बायका होत्या. थोडक्यात, यंत्राने बायकांचं काम घेतलं, त्यांचा हुद्दा नाव म्हणून लावून घेतला, आणि मग माहितीपुस्तिका लिहायची वेळ आली तेव्हा लिहिणाऱ्याने टाक बुडवून लिहिलं, 'तो.'

कायदेवाल्यांना विचारलं तर ते चष्मा पुसत सांगतात, 'अहो, 'तो'मध्ये 'ती' आलीच.' आणि खरोखरच आली आहे. १८६० च्या भारतीय दंडविधानाच्या आठव्या कलमातच सांगून ठेवलं होतं की 'तो' हे सर्वनाम पुरुष असो वा स्त्री, कुणालाही लागू. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या तेराव्या कलमाने तोच नियम सगळ्या केंद्रीय कायद्यांना लावला. आणि १ जुलै २०२४ पासून दंडविधान जाऊन भारतीय न्याय संहिता आली, तिच्या दुसऱ्या कलमात 'तो'मध्ये पुरुष, स्त्री आणि तृतीयपंथी अशा तिघांची सोय केलेली आहे. म्हणजे जवळजवळ १६४ वर्षांत 'तो'च्या खोलीत एक बिऱ्हाड वाढलं. दारावरची पाटी तीच.

मला ह्यावरून गिरगावातल्या चाळीतली आमच्या मामांची खोली आठवते. भाड्याची पावती एकाच्या नावावर आणि राहायला चौदा जण. सगळे गुण्यागोविंदाने राहात. चौदांपैकी तेरांना कधी वाटलंही नाही की पावतीवर आपलं नाव असावं. पण भांडण झालं म्हणजे कळायचं. पावतीवर नाव असलेला माणूस म्हणे, 'निघा माझ्या खोलीतून!' आणि मग ज्यांचं नाव त्या पावतीत 'समाविष्ट' होतं, ती मंडळी जिन्यात येऊन उभी राहात.

तरीही कायद्यात हे चालून जातं, कारण कायदा वाचायला वकील असतो. बँकेच्या भिंतीवरची सूचना वाचायला वकील नसतो. ती वाचतात टोकन घेऊन बसलेली माणसं, आणि तीही पंखा बंद असला आणि दुसरं वाचायला काही नसलं तर.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे वरून एक फलक आला. 'ग्राहकाने आपला पिन क्रमांक कोणासही, अगदी आपल्या पत्नीसही, सांगू नये.' बाजूला टाय लावलेल्या एका गृहस्थाचं चित्र. ओठांवर बोट. आमच्या हेडकॅशियरने तो फलक स्वतः खिळा ठोकून लावला आणि म्हणाला, 'पत्नीला सांगू नका हे सांगायला एवढा खर्च? ते लग्नाच्या दुसऱ्या वर्षी आपोआप कळतं.'

आमच्या शाखेत एक आजी येतात. यजमान पाटबंधारे खात्यात होते, त्यांच्या मागे फॅमिली पेन्शन. दर महिन्याच्या पाच तारखेला कापडी पिशवी, तिच्यात प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात रुमाल आणि रुमालात पासबुक. एका पाच तारखेला त्यांनी पासबुक भरून घेतलं आणि शिल्लक चौदा हजारांनी कमी निघाली. चौकशी करता कळलं की कार्ड पुतण्याकडे असतं. पिन? तोही त्यालाच सांगून ठेवलेला.

मी भिंतीकडे बोट केलं. म्हटलं, 'आजी, एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलंय की हो.'

आजींनी चष्मा लावला आणि पोथी वाचावी तसा तो फलक मोठ्याने वाचला. मग म्हणाल्या, 'हे होय? हे मी दर महिन्याला वाचते. पण हे बायको असलेल्यांसाठी आहे ना? मला कुठली बायको?'

सगळी शाखा हसली. आजी हसल्या नाहीत. त्यांचे चौदा हजार गेले होते.

पुतण्याने पुढे ते पैसे परत केले. चार हप्त्यांत, बिनव्याजी. पण माझ्या डोक्यात आजींचं वाक्य राहिलं. कारण विचार करू लागलो तसं माझ्या लक्षात आलं, की तो फलक इतक्या काळजीपूर्वक वाचणाऱ्या त्या एकट्याच होत्या. आम्ही सगळ्यांनी तो 'समजून' घेतला होता. आजींनी तो वाचला होता. त्या वाक्याने, त्या टायवाल्या गृहस्थाने आणि त्याच्या न दिसणाऱ्या पत्नीने मिळून आजींना सांगितलं होतं, की हे तुमच्याशी बोलणं चाललेलं नाही. चांगल्या घरातल्या बाईला लहानपणापासून शिकवलेलं असतं, की दोन पुरुष बोलत असले तर आपण मध्ये कान द्यायचा नाही. आजींनी नाही दिला.

हा किस्सा मी आमच्या गृहपत्रिकेत लिहिला. बँकेत विनोद करणाऱ्याला त्याची शिक्षा मिळाल्याशिवाय राहात नाही. आठ दिवसांत वरून पत्र आलं. 'आपण भाषेचे जाणकार दिसता. सबब नव्या ॲपमधील एकशे दहा मराठी वाक्ये तपासून पाठवावीत. काउंटरचे काम सांभाळून.' शेवटच्या तीन शब्दांत सगळी बँक आली.

वाक्यांबरोबर एक इंग्रजी टिपण होतं. सर्वसमावेशक भाषा वापरावी असा त्याचा मथितार्थ. माझ्या मदतीला दिलेल्या तरुण अधिकाऱ्याने ते मनावर घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी पहिलं वाक्य सुधारून आणलं. 'वापरकर्ता/वापरकर्ती आपला पासवर्ड विसरला/विसरली असल्यास त्याने/तिने खालील बटण दाबावे.' ह्या तिरक्या रेघा बघून मला पावसाळ्याचं चित्र आठवलं. शिवाय वाचताना जीभ प्रत्येक रेघेवरून घसरते ते वेगळंच. मोबाईलच्या पडद्यावर ते वाक्य मावलं नाही. 'त्याने' मावलं, 'तिने' पडद्याबाहेर गेलं. म्हणजे एवढी उठाठेव करून बाई पुन्हा जिन्यातच.

ते कागद मी घरी नेले. सौ. शाळेत मराठी शिकवते. मी घरी आणलेल्या बँकेच्या कागदांकडे ती सहसा उधारीच्या चिठ्ठीकडे बघावं तसं बघते, पण ह्या वेळी तिने लाल पेन काढलं.

'हे काय लिहिलंय? सरळ विचारा ना, 'पासवर्ड विसरलात?' संपलं!'

'पण तो विसरला की ती?'

'विसरलात, म्हणजे कुणीही. मास्तरांच्या छडीकडे बघत बसण्यापेक्षा फळ्याकडे बघितलं असतंत तर कळलं असतं. 'तू कुठे जातोस?' असं मुलाला विचारतो आणि 'तू कुठे जातेस?' असं मुलीला. आणि 'तुम्ही कुठे जाता?' हे कुणाला?'

मी विचार केला. बाबांना तेच. आईला तेच. मॅनेजरला तेच आणि मॅनेजरीणबाईंना तेच. वाचकहो, चाळीस वर्षं ही भाषा बोलतो आहे, पण त्या दिवशी प्रथमच मला कळलं, की मराठीत समोरच्याला अहोजाहो केलं की तो-तीचा प्रश्नच मिटतो. अरे-तुरे केलं की लगेच विचारावं लागतं, मुलगा का मुलगी? आदर दाखवला की विचारावं लागत नाही.

मग तर ती सुटलीच. 'मी अटी समजलो' ह्यावर काट मारून तिने 'मला अटी समजल्या' केलं. 'मी सर्व अटी वाचल्या आहेत' हे वाक्य तिने तसंच ठेवलं, कारण इथे क्रियापद अटींच्या मागे जातं, वाचणाऱ्याच्या नाही. (हे वाक्य स्त्री, पुरुष आणि इतर सर्वांच्या तोंडी सारखंच खोटं असतं, हा त्याचा आणखी एक गुण.) 'माणूस' एकटा असेल तर 'तो माणूस', पण चार जमली की 'ती माणसं', नपुसकलिंगी! जमावात पुरुषपण गळून पडतं हे आपल्या व्याकरणाला माहीत आहे. लोकलमध्ये अजून कळायचं आहे.

एका ठिकाणी मात्र ती थांबली. ॲपमध्ये बोलणारी एक बाई होती. बटण दाबलं की गोड आवाजात विचारायची, 'मी आपली काय मदत करू शकते?' सौ. म्हणाली, 'बघा. तुमच्या ॲपमध्ये पैसे असलेला तो आणि 'काय हवं-नको' विचारणारी ती.' कन्या म्हणाली, 'घरातल्यासारखंच आहे की.' मी पेपर वाचू लागलो.

पुढे वाचनात आलं की युनेस्कोने २०१९ साली ह्याच विषयावर एक अहवाल काढला होता. बोलक्या यंत्रांना सरसकट बाईचा आवाज आणि अदबशीर स्वभाव दिला, तर बायकांनी असंच हुकुमाची वाट बघत बसायचं असतं हे पोरांच्या मनावर पक्कं होतं, असा त्याचा रोख. आणि यंत्रही आपल्याकडूनच शिकतं. २०१८ साली जीमेलमध्ये पुढचं वाक्य आपण होऊन सुचवणारी सोय आली. 'मी पुढच्या आठवड्यात एका गुंतवणूकदाराला भेटणार आहे' असं कुणी लिहिलं की ती सुचवायची, 'तुम्हाला 'त्याला' भेटायचं आहे का?' गुंतवणूकदार म्हटला की तो! यंत्राचा काय दोष? लाखो लोकांनी लिहिलेलं वाचूनच ते शहाणं झालेलं. शेवटी गूगलने 'तो' आणि 'ती' दोन्ही सुचवणं बंद केलं. सौ.ने तेवढंही केलं नाही. तिने फक्त लिहिलं, 'काय मदत हवी?' वाक्य निम्मं झालं, हिंदीचा वास गेला आणि बाई की बुवा हा प्रश्नही उरला नाही.

हे सगळं मी युनियनच्या आमच्या एका मित्राला मोठ्या उत्साहाने सांगितलं. तो कडवा माणूस. म्हणाला, 'शब्द बदलून काय होतं रे? मार्च २०२४ च्या करारात आपल्याला कारकुनाचे कस्टमर सर्व्हिस असोसिएट केलं. स्टूल बदललं? पंखा दुरुस्त झाला?'

त्याचं म्हणणं खोडून काढणं सोपं नाही. आमचे बंगाली मॅनेजर ज्या भाषेत वाढले तिच्यात तो-ती नाही. फारसीत नाही, तुर्कीत नाही. म्हणून त्या मुलखांतल्या बायकांचे सगळे प्रश्न सुटले असं कुणी म्हणणार नाही. लांब कशाला? माझी मावशी कोल्हापूरची. तिकडच्या कितीतरी बायका 'मी जातो', 'मी आलो' असं खुशाल पुरुषी बोलतात. 'मी भाकरी थापतो' असं मावशी म्हणते आणि थापते. मावशी 'थापतो' म्हणते म्हणून काकांनी कधी परात पुढे ओढल्याचं ऐकिवात नाही.

पण म्हणून शब्दाला काहीच किंमत नाही असं माझ्याने म्हणवत नाही. त्याचं कारण आमचा हेडकॅशियर. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांना स्वतंत्र ओळख मान्य केली आणि एप्रिल २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना कळवलं, की फॉर्मवर तिसरा चौकोन ठेवा. चौकोन छापून आला. काही दिवसांनी तो भरणारी एक व्यक्तीही आली. काउंटरवरचा पोरगा नवा. काम साधं, खातं उघडायचं. पण त्याच्या तोंडून वाक्यच फुटेना. 'आपण कुठून आला... आल्या...' तो घामाघूम झाला. समोरच्या व्यक्तीची मान खाली गेली. मागे रांगेत कुणीतरी फिदकन हसलं.

तेवढ्यात आमचा हेडकॅशियर, ज्याने आयुष्यात एकही सुधारणावादी पुस्तक वाचलेलं नाही, पिंजऱ्यातून ओरडला, 'अहो, या! इकडे बसा. चहा घेणार?'

या. बसा. घेणार. तीन क्रियापदं, आणि एकालाही लिंग नाही. मान वर आली. खातं उघडलं. चहा मात्र माझ्या खात्यावर लिहिला गेला.

मित्राला मी हेच सांगितलं. शब्दाने पगार वाढत नाही हे खरं. पण दारातून आत यावं की नाही, हे माणूस शब्द ऐकूनच ठरवतो. 'तो'मध्ये 'ती' आली हे तुम्हीआम्ही म्हणून काय उपयोग? तिला ते वाटलं पाहिजे. पाहुण्याला आपण 'या' म्हणतो. 'आमच्या आमंत्रणात तुम्ही समाविष्ट आहात' असं म्हणत नाही. आणि हे समाविष्टपण उलट करून बघा. उद्या मी फलक लावला, की 'खातेदारणीने आपला पिन पतीसही सांगू नये. खातेदारणीमध्ये पुरुष समाविष्ट आहेत', तर दुपारी चारच्या आत युनियनचा मोर्चा येईल आणि पहिली घोषणा हाच मित्र देईल.

ॲप तयार झालं. भिंतीवरचा फलकही बदलला. आता तिथे आहे, 'पिन कुणालाही सांगू नका. नवऱ्याला नाही, बायकोला नाही, पुतण्याला तर नाहीच.' शेवटचे तीन शब्द वरच्या ऑफिसने कापले होते. आम्ही हाताने लिहिले.

एकशे दहा वाक्यांत आता शोधूनही 'तो' सापडत नव्हता. मी जरा खुशीतच होतो. अशात एका महिला बचत गटाच्या अकरा जणी आल्या. ॲप चालू करून द्यायचं होतं. एकीचा फोन हातात घेऊन मी आमच्या निर्दोष मराठीत वाचून दाखवलं, 'तुमच्या मोबाईलवर आलेला ओटीपी टाका.'

बाई शांतपणे म्हणाल्या, 'ओटीपी? तो त्यांना येतो.'

अकरांपैकी सात जणींच्या खात्याला नवऱ्याचा, नाहीतर मुलाचा नंबर जोडलेला होता. खातं उघडताना घरात एकच फोन असेल, किंवा फॉर्म ज्याने भरला त्याने हाताशी होता तो नंबर टाकला असेल. बाईंनी घरी फोन लावला. 'अहो, आकडा आलाय बघा, तेवढा सांगा.' पलीकडून आलेला प्रश्न आम्हा सगळ्यांना ऐकू आला. 'कशाला पाहिजे?'

खातं बाईंच्या नावावर. त्यातले पैसे बाईंनी शेळ्या पाळून साठवलेले. आणि ते काढायचे तर 'कशाला पाहिजे' ह्या प्रश्नाला रोज उत्तर द्यायचं. आमच्या वाक्यात काही खोट नव्हती. 'तुमच्या मोबाईलवर' ह्यात ना तो, ना ती. फक्त ते वाक्य सात जणींच्या बाबतीत खरं नव्हतं. सर्वनाम सुधारलं, पण किल्ली दुसऱ्याच्या खिशात. आणि 'तो' काढून टाकल्यामुळे ती दुसऱ्याच्या खिशात आहे हे दिसायचंही बंद झालं होतं. निदान आजींच्या फलकावर टायवाला गृहस्थ उघड उघड उभा तरी होता.

तेव्हा मी एकशे अकरावं वाक्य लिहून पाठवलं. ते नंबर नोंदवायच्या आधी येतं. 'हा मोबाईल तुमच्या स्वतःजवळ असतो का?' वरच्या ऑफिसने विचारलं, ह्याची आवश्यकता काय? मी उलट टपाली कळवलं, की भाषेच्या दृष्टीने अत्यंत आवश्यक. जाणकार म्हटल्यावर त्यांना मान्य करावं लागलं.

सातांपैकी चौघींनी नंबर बदलून घेतला. दोघींचे नवरे नंतर येऊन 'हे काय नवीन खूळ?' असं विचारून गेले. त्यांना मी 'या, बसा' म्हटलं. नियम सर्वांना सारखा. उरलेल्या तिघी म्हणाल्या, बघू, विचारून सांगतो. त्या कोल्हापूरकडच्या नव्हत्या. 'सांगतो'मध्ये घरातली सगळी माणसं आली.

मला त्यांची चिंता वाटते, पण सौ. म्हणते वाटायचं कारण नाही. तिने त्या लाल पेनानेच मला दाखवून दिलं, की मराठीत भूतकाळ सांगताना तो आला, ती आली, ते आलं असे तीन दरवाजे. वर्तमानातही येतो, येते, येतं. भविष्यकाळात मात्र तो येईल, ती येईल आणि तेही येईल. तिघांना एकच दरवाजा.

तेव्हा त्या तिघीही येतील. नंबर बदलायचा फॉर्म काउंटर नंबर तीनवर मिळतो. सही एक, ओळखपत्राची झेरॉक्स एक. अंगठाही चालतो.